दंडार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात घाटंजी हे तालुक्याचे गाव आहे. कापसाची काळीभोर शेते मागे पडली, की सागाच्या रानांनी झाकलेल्या टेकड्या दिसू लागतात. या परिसरात गोंड आणि कोलाम हे आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. कोलामांच्या लहानशा वस्तीला 'पोड' म्हणतात. पोडातील माणसे शेती करतात, तसेच बांबूच्या तट्ट्या व टोपल्या विणतात. इतर दिवशी या वस्त्या शांत असतात. परंतु दिवाळी जवळ आली, की रात्रीच्या वेळी ढोलांचा नाद ऐकू येऊ लागतो. तो दंडारीचा नाद होय.

दंडार म्हणजे नृत्य, गायन आणि सोंगे यांचा मेळ. एका गावातील पुरुषांचे पथक सजूनधजून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. यजमान गाव त्यांचे पाय धुऊन स्वागत करते, त्यांना जेवू घालते आणि मग रात्रभर नाच रंगतो. काही मुले स्त्रीवेष घेऊन नाचतात. या पथकातील मानाचे पात्र म्हणजे 'घुसाडी'. त्याच्या मस्तकावर मोरपिसांचा भला मोठा टोप असतो, अंगाला राख फासलेली असते आणि हातात काठी असते. तो थट्टामस्करी करून लोकांना हसवितो. तरीही सारे त्याला नमस्कार करतात, कारण त्या दिवसांत त्याच्या ठायी देवाचा वास असतो अशी श्रद्धा आहे. म्हणूनच व्रत संपेपर्यंत तो स्नानही करीत नाही.

दंडार ही केवळ करमणूक नव्हे. तिच्या निमित्ताने गावे एकमेकांना भेटतात, जुनी भांडणे मिटतात आणि सोयरिकी जुळतात. गोंडांच्या कुळांचा इतिहास सांगण्याचे काम परधान समाजाचे. 'किकरी' नावाचे तंतुवाद्य वाजवीत परधान गायक पूर्वजांच्या कथा गातात. या कथा पूर्वी कोणी कागदावर लिहिल्या नव्हत्या. बापाने गाव्या आणि मुलाने ऐकून पाठ कराव्या, हीच त्यांची पोथी.

अशा पोथीला एक मोठे भय असते. ऐकणारा मुलगाच उरला नाही, तर गायकाबरोबर कथाही नाहीशी होते. आज मुले शिक्षणासाठी व कामासाठी दूर जातात. भाषेचेही तसेच आहे. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. तिच्यात पाण्याला 'ईर' म्हणतात. तमिळमधील 'नीर' तिचे नाते सांगतो. घराला ती 'एल्ला' म्हणते. तेलुगूतील 'इल्लु' हा त्याचा सोयरा. मराठी, गोंडी आणि तेलुगू यांच्या शेजारात तिने आपले वेगळेपण राखले. परंतु आता पुष्कळ कोलाम घरांत मुलांच्या तोंडी मराठीच असते. भाषा गेली, की तिच्यातील गाणीही मुकी होतात.

असाच प्रसंग पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर आला होता. तेथील 'हूला' नृत्यातही पूर्वजांच्या आणि देवतांच्या कथा असतात. १८३० साली तेथे सार्वजनिक ठिकाणी हूला करण्यास बंदी झाली. पुढे राजा कालाकाउआ याने १८८३ साली आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात हूलाला पुन्हा मानाचे स्थान दिले. त्यानंतर १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षण इंग्रजीतून झाले आणि हवाईची मूळ भाषा बोलणारी मुले फारच थोडी उरली. तेव्हा काही पालक व शिक्षक पुढे आले. १९८४ पासून त्यांनी आपल्या भाषेतून चालणाऱ्या बालवाड्या उघडल्या. तेथील मुले आता पुन्हा ती भाषा बोलू लागली आहेत.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद भागात १९४३ साली मार्लवाई या गावी गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले व गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. त्याच मार्लवाईचे कनकराजू हे आयुष्यभर तरुणांना घुसाडी नृत्य शिकवीत राहिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांचे निधन झाले. गुरू गेला, पण त्याने शिकविलेली पावले थांबली नाहीत. हीच त्यांची खरी कमाई होय.

मोरपिसांचा टोप काचेच्या कपाटात ठेवला, तर तो पुष्कळ वर्षे टिकेल. परंतु तेवढ्याने दंडार टिकणार नाही. व्यासपीठावर घटकाभर नाच करून टाळ्या मिळविल्या, तरी काम पुरे होत नाही. आजोबांचा ठेका नातवाने आपल्या हाताने धरावा, आजीचे गाणे नातीने तिच्याच भाषेत म्हणावे, तेव्हाच कला जगते. आपल्या वर्गात कोलामी किंवा गोंडी बोलणारा एखादा सोबती असेल, तर त्याच्या बोलीला न हसता तिच्यातील चार शब्द त्याच्याकडून शिकावेत. पराया वाटणारा वारसा मग आपलाही होऊन जातो.