जुना चेक : किंमत वयाची नव्हे, अख्ख्या कागदाची

आपल्याकडे पाच हजार रुपयांपुढच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते, चेकवर मात्र कुणी तिकीट लावत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन चेक पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला नवल वाटते. एका बाजूला आगगाडी, जहाज किंवा धान्याची पेंढी घेतलेली स्त्री, बारीक रेघांनी रेखलेली. दुसरीकडे जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा असलेले दोन सेंटचे तिकीट आणि त्यावर शाईने घातलेली आद्याक्षरे व तारीख. शिवाय कुठेतरी एखादा काप किंवा भोक. असे चेक जमवण्याचा छंद जुना आहे आणि त्याभोवतीचे गैरसमजही जुनेच आहेत. बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच : कुणी चेककडे पैसा म्हणून बघतो, तर कुणी तिकीट चिकटवलेला कागद म्हणून. वास्तविक चेक हा दस्तऐवज आहे. चित्र, तिकीट, सही, तारीख आणि बँकेची खूण एकत्र असतात तेव्हाच तो काही सांगतो, आणि त्याचे मोलही त्या एकत्र असण्यात आहे.

गैरसमज : जितका जुना, तितका महाग

दीडशे वर्षांचा कागद म्हणजे मोठी रक्कम, असे सहज वाटते. पण चेक ही फार मोठ्या संख्येने लिहिली गेलेली वस्तू आहे. व्यापारी पेढ्यांनी वटलेले चेक हिशेबासाठी गठ्ठे बांधून ठेवले आणि असे गठ्ठे पुढे बाजारात आले. त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरातल्या बँकेचा 1870 च्या सुमाराचा साधा चेक आजही सहज मिळतो. याउलट डाकोटाला 1889 मध्ये राज्यांचा दर्जा मिळण्यापूर्वी, ती ‘टेरिटरी’ असताना, तिथे बँका मोजक्याच होत्या. तिथले चेक वयाने लहान असूनही दुर्मीळ ठरतात. म्हणजे किंमत ठरते ती गाव, बँक, सही करणारा, चित्र, तिकीट आणि कागदाची स्थिती यांवरून. वय हा त्यातला एक मुद्दा झाला, आणि तोही पहिला नव्हे. चेक पूर्वीच वटलेला असल्यामुळे त्यावर लिहिलेल्या रकमेचाही आजच्या किमतीशी संबंध नसतो.

गैरसमज : तिकीट नसेल तर चेक अपुरा किंवा खोटा

इथे कायद्याच्या तारखा माहीत असाव्या लागतात. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकेने 1862 मध्ये कायदा केला आणि 1 ऑक्टोबर 1862 पासून वीस डॉलरपुढच्या चेकवर दोन सेंटचा कर बसवला. ऑगस्ट 1864 पासून रकमेची अट गेली आणि प्रत्येक चेकला कर लागू झाला. इतर बहुतेक दस्तऐवजांवरचा कर 1872 मध्ये उठला, पण चेकवरचा 1 जुलै 1883 पर्यंत राहिला. पुढे स्पेनशी झालेल्या युद्धासाठी 1 जुलै 1898 ला तो पुन्हा आला आणि 1901 च्या मध्यापर्यंत चालला. तेव्हाच्या महसुली तिकिटांवर युद्धनौका होती. ही तिकिटे पुरेशी तयार नसल्याने सुरुवातीला टपाल तिकिटांवरच ‘आय. आर.’ (इंटर्नल रेव्हेन्यू) अशी अक्षरे छापून वापरली गेली. मंदीच्या काळात, 1932 ते 1934, दोन सेंटचा कर तिसऱ्यांदा आला, पण तो बँका खात्यातूनच वळता करून घेत, म्हणून त्या काळच्या चेकवर तिकीट दिसत नाही.

आता फेब्रुवारी 1863 चा पंधरा डॉलरचा चेक घ्या. त्यावर तिकीट नाही, कारण त्याची गरजच नव्हती. चेक 1890 चा असेल तरीही तेच उत्तर. पण 1890 च्या चेकवर 1862 च्या मालिकेतले तिकीट दिसले, तर ते नंतर कुणीतरी चिकटवले असल्याचा संशय घ्यावा. अनेक चेकवर वेगळे तिकीट नसते, कारण 1865 पासून कराचा शिक्का, बहुधा नारिंगी रंगात, चेकवरच छापला जाऊ लागला. नवखा संग्राहक तो नुसती नक्षी समजतो. तिकिटावर ‘बँक चेक’ऐवजी ‘एक्स्प्रेस’ किंवा ‘सर्टिफिकेट’ असे नाव असले तरी ती चूक नव्हे : डिसेंबर 1862 च्या अखेरीपासून एका दस्तऐवजाचे तिकीट दुसऱ्यावर वापरायला मुभा होती.

गैरसमज : काप आणि भोकांमुळे चेक खराब होतो

तिकीट दुसऱ्यांदा वापरले जाऊ नये म्हणून ते लावणाऱ्याने त्यावर आद्याक्षरे आणि तारीख घालून ते रद्द करावे, असा कायदाच होता. पैसे दिल्यावर बँकाही चेकला काप देत किंवा भोक पाडत. तेव्हा ही शाई आणि हे काप म्हणजे व्यवहार पुरा झाल्याचा पुरावा आहे. शाईची रेघ तिकिटावरून खालच्या कागदावर सलग उतरलेली असेल, किंवा एकच काप दोन्हींतून आरपार गेलेला असेल, तर ते तिकीट मुळापासून याच चेकवर होते असे मानायला चांगला आधार मिळतो.

यावर तिकीट संग्राहकांचा आक्षेप असतो, की अल्बममध्ये स्वच्छ तिकीटच शोभते, मग ते भिजवून काढायला काय हरकत आहे? दुर्मीळ तिकिटापुरता या म्हणण्यात अर्थ असेल. पण दोन सेंटची तिकिटे मुबलक आहेत. सुटे केलेले तिकीट कोणत्या गावात, कोणत्या व्यवहारावर लागले होते, हे पुन्हा कधीच कळत नाही. मागे उरतो तो डाग पडलेला, अर्धवट चेक. एका मामुली तिकिटापायी दोन्ही वस्तूंचे नुकसान होते.

गैरसमज : प्रत्येक चित्र कोरीव आणि त्याच गावचे

खरी कोरीव छपाई पोलादी पत्र्यावर हाताने खोदलेल्या रेघांतून होते. खाचेत भरलेली शाई दाबाखाली कागदावर उठते. भिंगातून पाहिले तर अशी रेघ ठसठशीत, टोकाला निमुळती आणि किंचित उंच दिसते. शिळाछपाईतली शाई मात्र कागदाला सपाट बसलेली असते. बरेच चेक शिळाछपाईचेच आहेत, कारण ती स्वस्त पडे. विक्रेता ‘एनग्रेव्ह्ड’ म्हणाला तरी भिंग बाहेर काढलेले बरे.

चित्राचा गावाशी संबंध असतोच असेही नाही. कोरलेला पत्रा कडक करून त्याचा ठसा मऊ पोलादी रुळावर घेता येई आणि त्या रुळावरून नव्या पत्र्यांवर तेच चित्र हवे तितक्या वेळा उतरवता येई. ही पद्धत जेकब पर्किन्सने रूढ केली. अमेरिकन बँक नोट कंपनीसारख्या छापखान्यांकडे अशा तयार चित्रांचा साठा असे, आणि एकच चित्र नोटेवर, शेअरच्या दाखल्यावर आणि चेकवरही येई. म्हणून चेकवरची आगगाडी पाहून त्या गावात रेल्वे होती असा निष्कर्ष काढू नये. आपली बँक गिऱ्हाइकांना कशी दिसावी असे बँकवाल्यांना वाटत होते, एवढे मात्र ती नक्की सांगते.

हे सारे अमेरिकेपुरतेच आहे असे कुणी म्हणेल, पण तसे नाही. ब्रिटिश काळात आपल्याकडेही चेकवर एक आण्याची ड्यूटी होती. ती 1927 मध्ये रद्द झाली. हुंड्या तर राणी किंवा राजाचा मुखवटा छापलेल्या स्टॅम्प पेपरवर लिहिल्या जात. जुन्या पेढ्यांच्या आणि घरांच्या कागदांत असे काही सापडले, तर शिक्का कापून घेऊ नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आम्लरहित कागदात, उजेडापासून दूर, आहे तसे ठेवावे. काप आणि डागांसह टिकलेला कागद अभ्यासकाच्या कामी येतो. कापून काढलेल्या शिक्क्यावरून मात्र व्यवहार कुणी, कुठे आणि कशासाठी केला, याचा पत्ता लागत नाही.