पाळत फक्त मोठ्यांवरच असते काय?

"माझ्यासारख्या साध्या माणसाचा फोन सरकार कशाला ऐकेल?" हा प्रश्न आम्ही मिरजेत वरचेवर ऐकतो. न्यायालयाच्या आवारात पक्षकार विचारतात, विहारातल्या बैठकीनंतर कार्यकर्ते विचारतात. "ज्याने काही केलेच नाही, त्याला भीती कसली?" असेही कुणी म्हणतो. या शंकेची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रत्येकाचे बोलणे ऐकत बसायला सरकारकडे माणसे नाहीत, हे खरेच आहे. पण साधा माणूस कोण आणि संशयित कोण, हे ठरवतो कोण? ते आपण ठरवत नाही. ते सरकारी फाईल ठरवते.

आपल्याच जिल्ह्यातला इतिहास पाहा. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे ज्या मातंग समाजात जन्मले, त्या समाजावर इंग्रज सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. रामोशी समाजाचीही तीच गत. १८७१ साली सुरू झालेला आणि पुढे मुंबई इलाख्यात आलेला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला तो १९५२ साली. तोवर निरपराध माणसेही हजेरी देत होती. त्यांचा गुन्हा एकच, त्या जातीत जन्म! 'काही केले नाही तर भीती कसली' हा युक्तिवाद आपल्या माणसांना कधी लागू पडला?

ती हजेरी निदान उघड होती. गुप्त नजरही होतीच. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीविषयीच्या साधनांचा एक खंड प्रसिद्ध केला. त्यात पोलिसांच्या गोपनीय अहवालांतले उतारे आहेत. सभा कुठे झाली, कोण काय बोलले, याची टिपणे सरकार ठेवत होते. महाडच्या तळ्याचे पाणी मागणाऱ्यांहून साधी माणसे कोण असणार?

इंग्रज गेले, नजर राहिली. भीमा-कोरेगाव प्रकरणातील प्रा. आनंद तेलतुंबडे आणि त्या प्रकरणात वकिली करणारे नागपूरचे ॲड. निहालसिंग राठोड यांना, त्यांच्या फोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या प्रणालीने हल्ला झाल्याची सूचना २०१९ साली मिळाली. ही प्रणाली आपण फक्त सरकारांनाच विकतो, असे ती बनवणारी कंपनी सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०२२ साली २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती, असे समिती ठामपणे सांगू शकली नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे मात्र न्यायालयातच सांगितले गेले. लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरू नका, हा उपदेश नागरिकाला करायचा आणि सरकारने स्वतः तोंड उघडायचे नाही, हा कुठला न्याय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. फोन ऐकण्याचा आदेश केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव काढतात. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आले, तरी ही पद्धत तशीच राहिली. आदेश ६० दिवस चालतो आणि १८० दिवसांपर्यंत वाढवता येतो. तो तपासणाऱ्या समितीत सरकारचेच सचिव असतात, न्यायाधीश एकही नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या याच! २०१४ साली उघड झालेल्या माहितीनुसार केंद्राकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते, म्हणजे दिवसाला २५० ते ३००. एवढी प्रकरणे कोणता सचिव वाचून सही करील?

खरी मेख पुढेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवून रद्द केले. पण त्याच्यावर लाचेचा खटला होता आणि ती ध्वनिमुद्रणे पुराव्यात आली होती, म्हणून त्याला आव्हान देता आले. ज्याच्यावर खटलाच नाही, त्याला काय? फोन ऐकून झाल्यावर त्याला कळवण्याची तरतूद नाही. गरज संपलेल्या नोंदी नष्ट कराव्यात, असे नियमच सांगतात. म्हणजे आरोपीला कधी तरी कळते. ज्याने काही केले नाही, त्यालाच जन्मभर कळत नाही. दाद मागायची कुठे आणि कशाच्या आधारावर?

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी माणसाची, त्याच्या घराची आणि कागदपत्रांची अवाजवी झडतीपासून सुरक्षितता हा हक्क मागितला. शपथेवर सांगितलेल्या सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असे सुचवले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मधे ७० वर्षे गेली!

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. फोन ऐकण्याची परवानगी सचिवाने नव्हे, न्यायाधीशाने द्यावी. मुदत संपल्यावर त्या नागरिकाला लेखी कळवावे. दरवर्षी किती आदेश निघाले, हा आकडा विधिमंडळात ठेवावा. चळवळीने ही मागणी हाती घ्यावी. आणि पाळतीच्या धास्तीने बैठकीला येणे कुणी बंद करू नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या सभेत टिपणे घेणारा पोलीस बसलेला असे. तरी त्यांनी सभा सोडली नाही.