चेंडू जड झाला, गोलंदाज बदलला

६ मार्च २०२४ रोजी ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. सिनेकलाकारांच्या मालकीचे सहा संघ, प्रखर दिवे, थेट प्रक्षेपण. आणि हातात टेनिसचा चेंडू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मैदानांवर आणि भोवतालच्या आगरी-कोळी गावांत वर्षानुवर्षं रंगणाऱ्या खेळाला हा मान उशिराच मिळाला.

या खेळातली गोलंदाजी घडवली ती चेंडूने. लॉन टेनिसच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं, कातडी सीझन बॉलचं १५५.९ ते १६३. हलक्या चेंडूला हवा लवकर अडवते, त्यामुळे पूर्वी गल्लीतल्या वेगवान बॉलरची निम्मी मेहनत वाटेतच विरायची. जाड रबराचा, जड ‘हार्ड टेनिस’ चेंडू आला आणि वेग फलंदाजापर्यंत टिकू लागला. तरी उसळी टेनिसचीच राहिली. आखूड टाकला तर चेंडू आरामात बॅटवर येतो, म्हणून पायाच्या बोटांवर आदळणारा यॉर्कर हे इथल्या बॉलरचं मुख्य हत्यार. दहा-दहा षटकांच्या सामन्यात सहाच्या सहा चेंडू तिथे टाकणं किती अवघड, हे टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्विंगची गोष्ट वेगळी. सीझन बॉलची शिवण हवेच्या प्रवाहात दोन्ही बाजूंना फरक पाडते. नासाच्या एम्स केंद्रात पुढे नाव कमावलेले रबींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘नेचर’मध्ये या वळणाचा अभ्यास मांडला. टेनिस चेंडूला तशी उठावदार शिवण नसते, सगळीकडे सारखी लव असते. मग कराचीच्या गल्ल्यांनी वायरमनची चिकटपट्टी शोधली! अर्धा चेंडू गुळगुळीत केला, अर्धा लवेचा ठेवला, की तो हवेत वळतो. ठाण्यात सुरू झालेल्या लीगने अशा चिकटपट्टीच्या चेंडूचं, म्हणजे टेपबॉलचं षटक थेट नियमांतच घेतलं, आणि ते योग्यच केलं.

फलंदाजही थांबले नाहीत. मागचा भाग कोरून हलकी केलेली स्कूप बॅट जड चेंडूलाही सहज सीमेपार धाडते. तिच्यापुढे नुसता वेग अपुरा पडतो. बोटं फिरवून टाकलेला कटर आणि हात तितक्याच झपाट्याने आणून सोडलेला संथ चेंडू शिकावाच लागतो. यूट्यूबवर गावोगावच्या स्पर्धा थेट दिसू लागल्यापासून एका तालुक्यातली युक्ती दुसऱ्यात पोचायला वेळ लागत नाही.

लीगचा दुसरा हंगामही २६ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२५ दादोजी कोंडदेव स्टेडियमवरच झाला आणि ‘माझी मुंबई’ने करंडक जिंकला. डोंबिवली-कल्याणात मात्र आता जाळीबंद टर्फ वाढताहेत. तिथे रन-अपला जागाच नसते, चेंडू बहुधा अंडरआर्म टाकतात. धावत येऊन यॉर्कर टाकणाऱ्या पोराला अजूनही कल्याणचं फडके मैदान किंवा डोंबिवलीचं भागशाळा मैदानच लागतं.