ऋजुता आणि समता : मेरुदंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचा देहाकार

पाठीचा कणा एका बाजूस वळलेल्या मुलीच्या आईवडिलांना शल्यविशारद जेव्हा ‘कणा सरळ होईल’ असे सांगतो, तेव्हा तो असत्य बोलत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या क्ष-किरणचित्रात ६० अंशांचा बाक २० अंशांवर आलेला दिसावा, हे आजच्या काळात मुळीच दुर्मिळ नाही. परंतु काही महिन्यांनी आरशासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीला जे दिसते ते पुष्कळदा निराळे असते. पूर्वी खाली झुकलेला डावा खांदा आता उजव्याच्याही वर गेलेला असतो. पाठीवरचा उंचवटा कमी झालेला असतो, पण नाहीसा झालेला नसतो. कंबर दुसऱ्याच जागी सरकल्यासारखी वाटते आणि जुना कुडता आखूड पडतो. ‘मग सरळ कुठे झाले?’ असे ती विचारते, आणि तीही असत्य बोलत नाही. दोन खऱ्या विधानांत असा विरोध का यावा, हा प्रश्न शरीररचनेचा तर आहेच. पण तो तितकाच अर्थविचाराचाही आहे, आणि त्या बाजूने त्याकडे पाहिले म्हणजे शरीररचनेचा भागही अधिक स्पष्ट होतो.

ज्या विकाराविषयी हे विवेचन आहे त्याला पाश्चात्य वैद्यकात ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. ‘वाकडा’ या अर्थाच्या ग्रीक विशेषणापासून हा शब्द झालेला असून विकाराचे विशिष्ट नाव म्हणून तो गेलेनपासून चालत आलेला आहे. मराठीत त्यासाठी ‘पार्श्ववक्रता’ असा शब्द योजता येतो. तो सुबोध आहे, पण अर्धवट आहे. कणा बाजूस वळतो एवढेच तो सांगतो. प्रत्यक्षात मात्र वळण्याबरोबरच प्रत्येक मणका स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती फिरतो, आणि बाजूने पाहिल्यास कण्याची जी नैसर्गिक पुढेमागे असलेली वळणे दिसतात तीही बदलतात. म्हणजे ही विकृती एका पातळीतील नसून तिन्ही परिमाणांतील असते. छातीच्या भागातील मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे मणके फिरले की बरगड्याही फिरतात. बाकाच्या बहिर्गोल बाजूच्या बरगड्या मागे येऊन पाठीवर उंचवटा दिसतो व त्याच बाजूस छातीचा पुढील भाग चपटा होतो. १० ते १८ या वयात, बहुधा कोणतेही ठाम कारण न सापडता, हा विकार प्रकट होतो. १० अंशांहून अधिक बाक शंभरातील दोनतीन मुलांत आढळतो. मात्र तो वाढत जाऊन उपचाराची वेळ येण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा अनेक पटींनी अधिक आहे. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे ४५ ते ५० अंशांच्या पुढे केला जातो.

घरात मात्र ‘पार्श्ववक्रता’ असे कोणी म्हणत नाही. ‘पोक’, ‘बाक’, ‘कुबड’, ‘पाठ वाकडी’ हे तेथले शब्द. यांपैकी ‘पोक’ हा सवयीचा दोष मानला जातो, आणि म्हणूनच कित्येक मुलींच्या विकाराचे निदान होण्यापूर्वी ‘पोक काढून बसू नकोस’ या दटावणीत वर्ष-दोन वर्षे जातात. ‘कुबड’ हा शब्द त्याहून महत्त्वाचा आहे. शल्यविशारदाच्या दृष्टीने बरगड्यांचा उंचवटा हा मूळ विकृतीचा एक परिणाम होय. घरच्या माणसांच्या दृष्टीने तो उंचवटा, ते कुबड, हाच विकार होय. एक जण कण्याविषयी बोलतो आणि दुसरा पाठीविषयी ऐकतो.

या संदर्भात भागवताच्या दशम स्कंधातील कुब्जेची कथा आठवते. तिला तेथे ‘त्रिवक्रा’, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली, असे म्हटले आहे. श्रीकृष्ण तिचे चवडे आपल्या पायांनी दाबून धरतो आणि दोन बोटांनी हनुवटी वर उचलतो. खालचे टोक स्थिर करून वरचे टोक ताणण्याची ही क्रिया आधुनिक शस्त्रक्रियेच्या आरंभीच्या तत्त्वाशी इतकी जुळते की योगायोग असूनही तिची नोंद घ्यावीशी वाटते. परंतु कथेतील लक्षणीय गोष्ट पुढे आहे. सरळ झालेल्या कुब्जेच्या वर्णनात ‘ऋजु’ व ‘समान’ ही दोन विशेषणे एकाच समासात येतात. ती सरळ झाली आणि तिची अंगे समान झाली, या कथाकाराच्या दृष्टीने दोन गोष्टी होत्या, आणि दैवी सामर्थ्याने त्या एकदमच साध्य झाल्या. मराठीतील ‘सरळ’ या एकाच शब्दाने दोन्हींचा भार उचलल्यामुळे घोटाळा होतो. (संस्कृतात ‘सरल’ हे देवदाराच्या जातीच्या एका वृक्षाचेही नाव आहे. मनुष्याच्या कण्याला मात्र ती उपमा लागू पडत नाही. निरोगी कणाही बाजूने पाहिला असता सरळ नसतो.)

शल्यविशारदाचा ‘सरळ’ हा शब्द कोठून आला? न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद जॉन रॉबर्ट कॉब यांनी १९४८ मध्ये एक मापनपद्धती प्रसिद्ध केली. समोरून घेतलेल्या क्ष-किरणचित्रात बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका व खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका निवडावयाचा, पहिल्याच्या वरच्या कडेला व दुसऱ्याच्या खालच्या कडेला अनुसरून रेषा काढावयाच्या आणि त्यांच्यातील कोन मोजावयाचा. पद्धत सोपी आहे, भिन्न निरीक्षकांच्या मापांत सुमारे ५ अंशांचा फरक पडत असला तरी ती विश्वसनीय आहे, आणि आजही तीच प्रमाण मानली जाते. पण हा कोन म्हणजे भिंतीवर पडलेल्या सावलीचा कोन होय. मणके किती फिरले, बरगड्या किती मागे आल्या, खांदे कोणत्या उंचीवर आहेत, यांपैकी काहीच त्यात उतरत नाही. मापन सोयीचे झाले की मापिलेली वस्तू हीच मूळ वस्तू वाटू लागते. कॉबच्या कोनाचे तेच झाले.

अंतर्गत आकार व बाह्य आकार यांच्यातील ही तफावत वैद्यकाला त्याच्या एक शतक आधीच दिसलेली होती. इग्वानोडॉन या लुप्त सरीसृपाचा शोध लावणारे इंग्लिश वैद्य व भूशास्त्रज्ञ गिडियन मँटेल यांच्या पाठीत कटिभागाच्या बाजूस एक फुगवटा होता, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना ती गाठ वाटत होती. १८५२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या तपासणीत तो फुगवटा म्हणजे फिरलेल्या मणक्यांची बाजूची टोकेच होती असे आढळले. लंडनचे शल्यविशारद विल्यम अ‍ॅडम्स यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. रुग्णास कमरेतून पुढे वाकवून पाठीची दोन्ही अंगे समान उंचीवर आहेत की नाहीत हे पाहण्याची जी साधी परीक्षा आजही शाळांतून केली जाते, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात कोन मोजला जात नाही. पाहिली जाते ती समता.

शस्त्रक्रियेचा इतिहास या दृष्टीने वाचला तर तो अनपेक्षित देहाकारांचाही इतिहास ठरतो. न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज यांनी १९११ मध्ये क्षयग्रस्त कण्यातील मणके एकमेकांशी सांधण्याची शस्त्रक्रिया केली व १९१४ मध्ये ती पार्श्ववक्रतेसाठी योजिली. तिने बाक वाढणे थांबे, बाक फारसा कमी होत नसे. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वळलेल्या मुलांवर उपचार करताना धातूचा एक दंड तयार केला; त्याची दोन टोके आकड्यांनी मणक्यांत अडकवून बाकाची अंतर्गोल बाजू ताणावयाची, असे त्याचे तत्त्व होते. १९६२ मध्ये हे कार्य प्रसिद्ध झाले आणि पुढील दोन दशके त्याचाच प्रभाव राहिला. समोरून पाहता कणा खरोखरच सरळ होऊ लागला. परंतु ताण देणारा सरळ दंड कमरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत नेला म्हणजे कमरेची नैसर्गिक पुढची वळणही ताणून सपाट होई. अशा रुग्णांचे धड काही वर्षांनी पुढे कलू लागे आणि उभे राहण्यासाठी त्यांना गुडघे किंचित वाकवावे लागत. ‘सपाट पाठ’ या नावाने ही अवस्था पुढे वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाली. मराठीत ‘ताठ कणा’ हे स्वाभिमानाचे लक्षण मानले जाते. येथे ताठ कणाच माणसाला वाकवून ठेवतो.

हा दोष टाळण्याच्या प्रयत्नातून १९८० च्या दशकात फ्रान्समधील इव्ह कोत्रेल व जाँ द्युबूसे यांची पद्धती पुढे आली. वाकविलेला दंड अनेक ठिकाणी अडकवून फिरवावयाचा, म्हणजे बाजूचा बाक मागच्या बाकात रूपांतरित होईल, अशी ती कल्पना होती. मणकेही त्याबरोबर उलट फिरतील अशी आशा होती. पुढे अधिक सूक्ष्म चित्रणात ते अपेक्षेपेक्षा कमीच फिरतात असे दिसले. त्यानंतर दक्षिण कोरियातील शल्यविशारद सुक यांनी १९९० च्या दशकात छातीच्या मणक्यांतही स्क्रू बसविण्याची पद्धत रूढ केली. स्क्रूची पकड इतकी बळकट असते की बाक पूर्वी कल्पनाही केली नसती इतका कमी करता येतो. आणि येथेच नवे आश्चर्य निर्माण झाले.

नेहमीच्या प्रकारात छातीचा मुख्य बाक उजवीकडे असतो, उजवा खांदा वर व डावा खाली असतो. या मुख्य बाकाच्या वर, मानेच्या पायथ्याशी, डावीकडे वळलेला एक लहान बाक असू शकतो. तो ताठर असेल आणि तसाच सोडून मुख्य बाक मात्र पूर्णपणे सुधारला, तर वरचा भाग डावीकडून उचलला जातो व डावा खांदा उजव्याहून उंच होतो. म्हणजे कोन जितका उत्तम सुधारावा तितका खांद्यांचा असमतोल वाढावा, असा विपरीत प्रकार घडू शकतो. दुसरी गोष्ट बाजूच्या आकृतीची. भक्कम पकडीने कणा समोरून सरळ करताना छातीच्या भागाची मागची सौम्य गोलाई कमी होते. पाठ सपाट दिसते आणि खांद्याचे फरे अधिक उठून दिसतात. कृश मुलींत धातूचे भागही त्वचेखाली हाताला लागतात.

बरगड्यांच्या उंचवट्याविषयी सर्वाधिक निराशा संभवते. वर्षानुवर्षे फिरलेल्या अवस्थेत वाढलेल्या बरगड्यांचा आकारच बदललेला असतो. मणका काही अंशी मूळ जागी आला तरी वाकड्या वाढलेल्या बरगडीला सरळ वाढलेल्या बरगडीचे रूप येत नाही. काही रुग्णांत बरगड्यांचे तुकडे काढून उंचवटा उतरवितात; पण तिची किंमत श्वसनक्षमतेवर, निदान काही काळ, पडते, म्हणून सर्वच शल्यविशारद ती सरसकट करीत नाहीत. छातीच्या पुढील भागातील डावेउजवेपणही याच कारणाने उरते. ही गोष्ट मुलीला आधी क्वचितच सांगितली जाते. संकोच हे त्याचे कारण असावे. पण या वयात तिच्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट नेमकी हीच असते.

उंची वाढते ती मात्र सर्वांना सुखावते. बाकात दडलेली लांबी मोकळी होऊन शस्त्रक्रियेच्या मेजावरच काही सेंटिमीटरांचा फरक पडतो. पण ही सारी वाढ धडाची असते. पाय होते तेवढेच राहतात. बरगड्यांची खालची कड व कमरेचे हाड यांमधील अंतर वाढते, कमरेच्या दोन बाजूंच्या खळग्यांतील फरक कमी होतो, आणि पूर्वी एका बाजूस बाहेर आलेला खुबा आत गेल्यासारखा वाटतो. आरंभीच्या आठवड्यांत वजनही बहुधा घटते. या सर्व सुधारणाच आहेत. तरी त्या शरीराला स्वतःचे म्हणून ओळखण्यास वेळ लागतो. कित्येक रुग्णांना सरळ उभे असतानाही आपण एका बाजूस कललो आहोत असे वाटत राहते. मेंदूने वर्षानुवर्षे वाकड्या स्थितीलाच ‘सरळ’ हा अर्थ दिलेला असतो, आणि तो अर्थ दंड बसविल्याबरोबर बदलत नाही.

शस्त्रक्रियेसाठी वापरला जाणारा ‘मणके जोडणे’ हा प्रयोगही तपासून पाहण्यासारखा आहे. ‘जोडणे’ म्हणजे तुटलेले किंवा सुटे असलेले एकत्र आणणे, असाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येतो. प्रत्यक्षात चल असलेले मणके हाडाने सांधून कायमचे अचल केले जातात. पाठीचा तेवढा भाग पुढे कधीच वाकत नाही. खाली वाकणे कमरेखालून, खुब्यांतून होते, आणि वाकलेल्या शरीराची रेषा पूर्वीसारखी कमानदार न राहता फळीसारखी दिसते. मांडी घालून बसलेली, चूल किंवा केर करताना वाकलेली स्त्री स्वतःकडे त्या वेळी पाहत नाही. इतरांना मात्र हा बदल दिसतो आणि ते तो बोलून दाखवितात.

काही बदल उशिरा येतात. वाढ शिल्लक असलेल्या बालकात मागून मणके सांधले आणि त्यांचा पुढील भाग वाढत राहिला, तर कणा पुन्हा फिरत जातो. द्युबूसे यांनी १९८९ मध्ये वर्णिलेली ही घटना होय. सांधलेल्या भागाच्या वरच्या टोकाशी नवा पोक येणे, किंवा खालच्या टोकाशी बाकात आणखी मणके सामील होणे, हेही संभवते.

अर्थात बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेनंतर आपल्या रूपाविषयी पूर्वीपेक्षा समाधानी असतात, हेही तितकेच खरे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्कोलिओसिस संशोधन संस्थेच्या नावाने प्रचलित असलेल्या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत वेदना, कार्यक्षमता, मनःस्थिती यांबरोबर स्वतःच्या रूपाविषयीची धारणा हा स्वतंत्र विभाग आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर सर्वांत ठळक सुधारणा बहुधा त्याच विभागात दिसते. पण ही सुधारणा कोनातील घटीशी प्रमाणबद्ध नसते. दोहोंचा संबंध सैल आहे असे पुनःपुन्हा आढळले आहे. म्हणून काही अभ्यासकांनी शब्द बाजूस ठेवून पाठ, खांदे, कंबर यांची क्रमाने वाढत्या विकृतीची रेखाचित्रेच रुग्णापुढे ठेवण्याची पद्धत काढली. आपण कोणत्या चित्रासारखे आहोत हे रुग्णाने बोटाने दाखवावयाचे असते.

ही रीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या संभाषणातही उपयोगी पडेल. मराठी रुग्णाशी बोलताना ‘सरळ होईल’ या दोन शब्दांऐवजी बाक किती कमी होईल, कुबडाचा किती भाग उरू शकेल, खांदे समान राहतील की नाही याची शंका कोठे आहे, पाठीचा कोणता भाग वाकणार नाही आणि उंची कोठे वाढेल, हे पाच प्रश्न निरनिराळे उच्चारता येतात. त्यासाठी नव्या परिभाषेची आवश्यकता नाही. पोक, कुबड, बाक, फरा, खुबा हे सर्व शब्द रुग्णापाशी आहेतच. चित्रावर बोट ठेवल्यानंतर मुलीला तिच्या शब्दांत सांगावयास लावले, तर आईवडिलांच्या सहीपूर्वीच कळून येते की तिने ‘सरळ’ हा शब्द कोणत्या अर्थाने ऐकला आहे.