परमुलखातली उमेदवारी

‘बघतो’ हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे. कुणी काही मागितले आणि तोंडावर ‘नाही’ म्हणणे बरे दिसत नसले, की आपण ‘बघतो’ म्हणतो. ऐकणारा काय ते समजतो, पुन्हा विषय काढत नाही, आणि दोघांचाही मान राहतो. आता पुण्याचा एक विद्यार्थी श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात इंटर्नशिपला गेला आहे अशी कल्पना करा. एका वाढीव कामाबद्दल तो इंग्रजीतून हेच म्हणतो. त्याचा जर्मन वरिष्ठ ते वहीत टिपून ठेवतो आणि गुरुवारी त्याबद्दल विचारतो. काम झालेले नसते. वरिष्ठाच्या लेखी मुलाने शब्द पाळला नाही. मुलाच्या लेखी त्याने शब्द दिलाच नव्हता. दोघांचे इंग्रजी चांगले आहे, दोघांचे हेतू चांगले आहेत, आणि तरी मनात अढी बसली आहे. अशा वेळी समोरच्याला खोटारडा किंवा खडूस ठरवण्याआधी थांबता येणे, नेमके कुठे बिनसले ते शोधता येणे आणि पुढच्या वेळी आपले बोलणे बदलता येणे, याला अभ्यासक आंतरसांस्कृतिक क्षमता म्हणतात. नाव अवजड आहे, पण गोष्ट रोजच्या व्यवहाराची आहे.

ही क्षमता परदेशी राहिल्याने आपोआप येते, असे आपण धरून चालतो. देशाटनाने माणूस शहाणा होतो ही आपली जुनी समजूत. परदेशी शिक्षणाच्या जाहिराती तिच्यावरच उभ्या आहेत. जर्मनीपुरते पाहिले तर २०२२-२३ पासून तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे, आणि २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. त्यांतले कितीतरी जण शिकता शिकता तिथल्या कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत उमेदवारी करतात. शिवाय ‘डाड’ या १९२५ साली स्थापन झालेल्या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्तीवर काही जण उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांसाठी तिथल्या संशोधन संस्थांत जातात. एवढी मुले जात असताना, नुसते जाण्याने काय घडते हे नीट तपासायला हवे. अमेरिकेत ते तपासले गेले आहे. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परदेशी शिक्षणाच्या ६१ कार्यक्रमांतल्या जवळपास १३०० विद्यार्थ्यांची जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर चाचणी घेतली गेली. मुलांच्या आंतरसांस्कृतिक क्षमतेत सरासरीने पडलेली भर फारच थोडी होती. ज्यांच्याशी परदेशातच कुणीतरी जाणते माणूस नियमित बसून अनुभवांबद्दल बोलत होते, त्यांच्यात मात्र ठळक फरक दिसला. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. अनुभव हा कच्चा माल आहे. तो शिजवावा लागतो.

मग इंटर्नशिपच का, वर्गात बसून शिकणे का पुरत नाही? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात एक मुद्दा मांडला होता. दोन समाजांतली माणसे एकमेकांच्या संपर्कात आली म्हणून पूर्वग्रह विरघळत नाहीत. त्यांचा दर्जा बरोबरीचा असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठायला एकमेकांची गरज पडावी आणि वरच्यांचा या मिसळण्याला पाठिंबा असावा, तर संपर्क गुण देतो. पुढे २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप या अभ्यासकांनी अशा संपर्कावरच्या ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या तर अधिक कमी होतात, असे त्यांना आढळले. वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलाशी न बोलताही वर्ष काढता येते. कामाच्या जागी ते जमत नाही. माझ्या मापांवर तुझा आराखडा अवलंबून असतो आणि तुझ्या आराखड्यावर तिसऱ्याचा साचा. इंटर्नशिपला आपल्याकडे पूर्वी ‘उमेदवारी’ म्हणत. तो शब्द निवडणुकीने पळवला, पण त्यातली ‘उमेद’ इथे चपखल बसते. मात्र उमेदवाराला खरे काम मिळाले पाहिजे. सहा महिने तक्ते भरायला आणि सादरीकरणांचे रंग बदलायला लावले, तर कंपनी परदेशी असली काय आणि हिंजवडीतली असली काय, शिकणे सारखेच.

खरे काम मिळाले की भाषेच्या वर्गात न शिकवलेल्या गोष्टी समोर येऊ लागतात. जर्मनमध्येही मराठीसारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, त्यामुळे आपल्या मुलांना ते पटकन उमगते आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडे जवळीक वाढत गेली की अहो-जाहोचे अरे-तुरे कधी होते ते कळतही नाही. तिथे ‘आता आपण एकमेकांना तू म्हणू या’ असे रूढीप्रमाणे वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने बोलून दाखवायचे असते. अनेक नव्या कंपन्यांत तर पहिल्या दिवसापासून सगळेच ‘तू’ असतात, पण म्हणून घरोबा झाला असे कुणी मानत नाही. कामावरच्या अभिप्रायाचेही तसेच. श्टुटगार्टच्या भोवतालचा प्रदेश श्वाबियन लोकांचा. त्यांच्यात एक म्हण आहे: रागावलो नाही, एवढे कौतुक पुरे. ‘छान, शाबास’ ऐकायची सवय असलेल्या मुलाला ही शांतता नापसंतीसारखी वाटते. उलट बैठकीत सर्वांसमोर ‘हे चुकीचे आहे’ असे ऐकले की त्याचा चेहरा उतरतो, कारण आपल्याकडे चारचौघांत चूक दाखवणे म्हणजे माणसाला उतरवणे. तिथे बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी फक्त ते गणित असते.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाला हेच वेगळ्या वाटेने सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तो वॉशिंग्टनमध्ये परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना शिकवत होता. भाषा येत असूनही माणसे अडखळतात ती वेळेच्या, अंतराच्या आणि मौनाच्या न लिहिलेल्या नियमांवर, हे त्याने ओळखले आणि १९५९ साली त्यावर पुस्तक लिहिले. न लिहिलेल्या नियमांची अडचण अशी, की ते ज्याचे असतात त्यालाही ठाऊक नसतात. जर्मन वरिष्ठाला विचारले, तर ‘आमच्याकडे काही विशेष नियम नाहीत’ असेच तो मनापासून सांगेल. ‘बघतो’चा अर्थ आपण तरी कुठे कुणाला शिकवतो?

म्हणूनच नुसता अनुभव माणसाला उलट दिशेनेही नेऊ शकतो. मिल्टन बेनेट या अभ्यासकाने १९८६ साली परक्या संस्कृतीतला फरक समजून घेण्याच्या प्रवासाचे टप्पे मांडले. सुरुवातीला फरक दिसतच नाही. मग दिसतो, पण ‘आपले चांगले, त्यांचे वाईट’ अशा रूपात. नंतर ‘शेवटी माणसे सगळीकडे सारखीच’ असे वाटू लागते. त्यापुढे फरक आहे तसा मान्य होतो, आणि मग स्वतःला त्यानुसार वळवता येऊ लागते. यातला मधला टप्पा फसवा आहे. ‘माणसे सारखीच’ हे वाक्य उदार वाटते, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘सगळे माझ्यासारखेच’ असा असतो. दुसऱ्या टप्प्यावरच मुक्काम ठोकणारेही पुष्कळ. परदेशातल्या आपल्या मुलांच्या खोल्यांमधून संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांबरोबर ‘हे लोक ना’ अशी वाक्येही ऐकू येत असतील, तर नवल नाही. त्या कुकरला आणि त्या मित्रमंडळाला मी नावे ठेवणार नाही. नेव्हिट सॅनफर्ड या मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की आव्हान आणि आधार यांचा मेळ बसला तरच विद्यार्थी वाढतो: आव्हान पेलवेनासे झाले तर तो मिटतो आणि आधार फार झाला तर जागचा हलत नाही. वरणभात हा आधार आहे. प्रश्न एवढाच, की दिवसभरात आव्हानही होते का, आणि त्याबद्दल त्या वरणभातापाशी काय बोलले गेले.

ते बोलणे कसे व्हावे याची एक साधी रीत प्रशिक्षक वापरतात: आधी फक्त दिसले ते सांगायचे, मग त्याचे अर्थ लावायचे, आणि चांगले-वाईट अगदी शेवटी ठरवायचे. ‘साडेचारला वरिष्ठ माझ्या प्रश्नाचे उत्तर अर्धे ठेवून निघून गेले’ हे दिसलेले. ‘त्यांनी माझा अपमान केला’ हा निवाडा, आणि आपले मन थेट तिथेच उडी घेते. मधल्या पायरीवर थांबले तर निदान तीन अर्थ सुचतात: पाळणाघरातून मूल आणायची वेळ झाली असेल, कामाचा दिवस संपला की संपला, ही तिथली पक्की रीत असेल, किंवा प्रश्न उद्यावर ढकलता येईल इतका साधा असेल. कुठला अर्थ खरा, हे दुसऱ्या दिवशी विचारून घ्यायचे. पंधरवड्यातून एकदा तासभर हे करायला फार पैसा लागत नाही. महाविद्यालयातला शिक्षक दूरदृश्य संवादातूनही ते करू शकतो. तरीही आपल्या महाविद्यालयांत इंटर्नशिपची नोंद बहुतेक कंपनीचे नाव, प्रकल्पाचा विषय आणि प्रमाणपत्र एवढ्यावर आटोपते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, की असले प्रशिक्षण साचे शिकवते: जर्मन वक्तशीर, जपानी विनम्र, भारतीय अघळपघळ. हा धोका खरा आहे. राष्ट्रीय संस्कृतींची मापे काढणाऱ्या खेर्ट हॉफस्टेड यांच्या प्रसिद्ध अभ्यासाचा पाया आयबीएम या एकाच कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या हा होता, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. देशाची सरासरी समोरच्या माणसाबद्दल काहीच खात्रीने सांगत नाही. पण हा आक्षेप नियमांच्या याद्या पाठ करण्यावर लागू होतो, क्षमतेवर नाही. उलट क्षमता लागते ती याद्या कोलमडतात तेव्हा. श्टुटगार्टमध्ये ‘स्वतंत्रपणे काम कर, अडलास तर विचार’ हे शिकलेला मुलगा पुढे जपानमधल्या नागोयात गेला, तर तिथे ‘होरेनसो’ची अपेक्षा असते: वरचेवर अहवाल द्यायचा, कळवत राहायचे, सल्ला घ्यायचा. आठवडाभर गप्प राहून उत्तम काम आणून देणारा तिथे बेजबाबदार ठरू शकतो. दोन्हीकडे कामी येईल असे एकच आहे, ते म्हणजे पहिल्या आठवड्यात नीट निरीक्षण करून ‘तुम्हाला माझ्याकडून केव्हा आणि कसे कळलेले आवडेल?’ असे विचारण्याची सवय.

दुसरा आक्षेप घरचा आहे. आपल्या देशात इतक्या भाषा, इतके धर्म, इतकी खाणी-पिणी. आपल्याला हे कुणी काय शिकवायचे? मुंबईच्या लोकलमध्ये रोज चार भाषा कानावर पडतात हे खरे. पण शेजारी असणे आणि एकमेकांच्या नियमांनी वागून पाहणे यात अंतर आहे. आपण वैविध्य पुष्कळदा वाटण्या करून सांभाळले: तुझा सण तुला, माझा मला, वाडे वेगळे, पाणवठे वेगळे. जातीने तर माणसे पिढ्यान्‌पिढ्या जवळ ठेवूनही परकी केली. बहुसंख्याकांत वाढलेल्या मुलाला आपल्या सवयी म्हणजेच माणसाच्या सवयी वाटत आलेल्या असतात. परमुलखात प्रथमच तो अल्पसंख्य होतो, आपले नाव दोनदा उच्चारून सांगतो, आपल्या बोलण्याच्या लकबीकडे लोक वळून पाहताना बघतो. ज्यांच्या वाट्याला हे आपल्याच गावात आले, त्यांना ही गोष्ट शिकायला परदेशी जावे लागत नाही.

तिसरी शंका मला सर्वांत गंभीर वाटते. समजून घ्यायचे ते पाहुण्यानेच का, आणि कुठवर? नावावरून घर नाकारले जाणे हा सांस्कृतिक फरक नाही, तो भेदभाव आहे. ‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दाआडही बरेच काही लपते. जपानने १९९३ साली विकसनशील देशांतल्या तरुणांना कौशल्ये देण्याच्या नावाने तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना सुरू केली. २०१७ साली भारतही करार करून तीत आला. प्रत्यक्षात ती मजुरांची टंचाई भरून काढण्याचे साधन झाली. मालक बदलता येत नाही, दलालांचे कर्ज डोक्यावर, अशा अवस्थेत अनेक जण अडकले, आणि अखेर २०२४ साली जपानी संसदेने ती योजना गुंडाळून नवी आणण्याचा कायदा केला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलेल्या महाराष्ट्राने हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवायला हवा. जाणाऱ्या मुलाला करारपत्र वाचता येणे, कामाचे तास आणि तक्रारीची जागा ठाऊक असणे, हाही त्याच क्षमतेचा भाग आहे. काय समजून घ्यायचे आणि कशाला नकार द्यायचा, हे वेगळे काढता आले नाही तर समजूतदारपणा म्हणजे निव्वळ मान तुकवणे ठरते.

हे दोन्ही एकाच वेळी कसे जमते, याचे मराठीतले उदाहरण सव्वाशे वर्षांहून जुने आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, १८८६ साली अमेरिकेत. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी शाकाहार सोडला नाही, आणि त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले तेव्हा ठणकावून वाद घातला. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या संघटना त्यांनी बारकाईने पाहिल्या, फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि परतल्यावर १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्यात कौतुक मनमोकळे आहे. कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवरची टीकाही तितकीच सरळ. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पैसा बराचसा अमेरिकेतून आलेला, शिकवण्याची रीत काही अंशी तिथली, पण सदनात येणाऱ्या उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळायची मुभा होती; नाहीतर त्या काळी त्या उंबरठा ओलांडून आल्याच नसत्या.