‘क्वेरी चालत नाही’ म्हणजे काय?

आपल्या मंडळाच्या कपाटातली कोणती मराठी पुस्तकं एकदाही कुणी घरी नेली नाहीत, याची यादी मला या टर्ममध्ये करायची होती. कपाट एकच, जागा संपलेली, त्यामुळे यादीतली पुस्तकं खोक्यात भरून माळ्यावर जाणार असं ठरलं होतं. माळ्यावर गेलेलं पुस्तक परत खाली येत नाही हे आपल्याला माहीत आहेच.

नोंदी मायएसक्यूएलमध्ये आहेत. दोन तक्ते: ‘पुस्तके’ आणि ‘देवघेव’. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे पुस्तक क्रमांक. ज्यांचा क्रमांक देवघेवीत नाही ती पुस्तकं दाखव, असं मी ‘नॉट इन’ वापरून विचारलं. उत्तर आलं, शून्य ओळी. म्हणजे सगळी पुस्तकं कुणी ना कुणी नेलेली! खूश व्हायला हरकत नव्हती, पण एका कवितासंग्रहाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली मी स्वतः पाहिली होती.

माझा मावसभाऊ डेटाबेसचंच काम करतो. त्याला मेसेज केला, “दादा, क्वेरी चालत नाही.”

“चालत नाही म्हणजे काय गं? एरर येते की उत्तर चुकतं?” आणि लगेच पुढे, “तक्त्यांची रचना पाठव. पाच-सहा ओळी पाठव. काय आलं आणि काय यायला हवं होतं ते लिही. आणि स्क्रीनचा फोटो नको, मजकूर दे, मला इथे चालवून बघता येईल.”

मला तेव्हा हा छळ वाटला. पण त्यामागे कारण आहे. माहिती तक्त्यांत मांडावी आणि ती यंत्रात कुठे, कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याने करू नये, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडली. त्यावर उभी राहिलेली एसक्यूएल ‘कसं शोध’ हे सांगत नाही, ‘काय हवंय’ एवढंच सांगते. म्हणून नुसती क्वेरी दाखवून भागत नाही. क्वेरीत मी काय मागितलं ते दिसतं. मला काय हवं होतं ते साध्या मराठीतच लिहावं लागतं.

तर मी पाच पुस्तकं आणि तीन देवघेवींचा छोटा नमुना केला. त्यावर माझी क्वेरी बरोबर चालली! म्हणजे चूक खऱ्या नोंदींत कुठेतरी. मग खऱ्या ओळी थोड्या थोड्या करून नमुन्यात घातल्या. एका ओळीत घाईघाईत कुणीतरी नाव, तारीख लिहून पुस्तक क्रमांक रिकामा सोडला होता. ती ओळ घातली आणि उत्तर शून्यावर आलं.

रिकाम्या जागेला एसक्यूएलमध्ये ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. आता क्रमांक ७ चं पुस्तक घ्या. देवघेवीत ३, ५ आणि एक नल आहे. ७ त्यात नाही असं छातीठोकपणे म्हणता येईल? तो नल कदाचित ७ असेल! म्हणून उत्तर ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही, ‘सांगता येत नाही’. आणि क्वेरी फक्त पक्क्या ‘हो’ला आत घेते. एका नलमुळे सगळीच पुस्तकं बाहेर.

हे सगळं लिहून पाठवलं तेव्हा दादाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘नॉट इन’च्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापर, किंवा आतल्या भागात नल गाळून टाक. दोन्ही करून पाहिलं. यादी आली, चिकटलेल्या पानांचा कवितासंग्रह तिच्यात होता.

पण दादाने आणखी एक विचारलं, “रिकाम्या ओळीतलं पुस्तक कुणी नेलंच होतं ना?” नेलं होतं. म्हणजे यादीतलं एखादं पुस्तक कुणीतरी वाचलेलं असू शकतं. म्हणून मी मथळा ‘कुणीही न नेलेली पुस्तकं’ खोडून ‘देवघेवीची नोंद न सापडलेली पुस्तकं’ असा केला आणि जुनी कागदी वही मागून घेतली. ती बघून होईपर्यंत खोकी रिकामी ठेवायला सर तयार झालेत.