घरगुती बिअर : संच निवडताना घ्यावयाची दक्षता

ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर घरी तयार करण्यासाठी आवश्यक असलेला परवाना १९६३ साली रद्द झाला आणि हा छंद तेथे रुजला.

तयार संचात हॉप्सयुक्त माल्टचा घट्ट अर्क व यीस्टची पुडी असते. सुमारे दीड किलो अर्क, एक किलो साखर व पाणी मिळून २३ लिटर बिअर होते. मात्र ती चवीला पातळ लागते. साखरेऐवजी माल्टची भुकटी वापरल्यास दर्जा सुधारतो. तीन किलोच्या संचात बहुधा साखर लागत नाही.

खरेदीपूर्वी मुदत तपासावी. जुने यीस्ट मंदावते. भांडी निर्जंतुक करून तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस राखावे. घनता सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्यावरच बिअर बाटल्यांत भरावी. अन्यथा वायूच्या दाबाने बाटल्या फुटून इजा होण्याचा धोका असतो.